ग्रंथी उभी, डोळा कोरडा

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या होत्या. तिन्ही अर्ध्याच वापरलेल्या. वय ४६, पेशा शिक्षिकेचा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, सकाळी पापण्या उघडताना ओढ बसते, संध्याकाळी वाचताना अक्षरं पुसट होतात, ही तक्रार दोन वर्षांची. एका डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्याला दोष दिला होता, दुसऱ्यांनी पाळी जायच्या वयाला. तिसऱ्यांनी चष्म्याचा नंबर बदलला. मधल्या काळात झोप लागत नाही म्हणून अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी सुरू झाली होती, आणि ती कुणीच थांबवली नव्हती.

आधीच सांगायला हवं: या बाई म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती नाही. शोग्रेन सिंड्रोममध्ये, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रुग्रंथींवर उलटते त्या आजारात, वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण उभं केलं आहे. त्यातले आकडे असे घेतले आहेत की निदानाचं गणित खरोखर करून पाहता यावं. ज्या संशोधनाचा उल्लेख येतो, ते मात्र खरं आहे.

डोळ्यांबद्दल बाई आपणहून बोलल्या. तोंडाबद्दल विचारावं लागलं. कोरडा घास पाण्याशिवाय उतरतो का? नाही उतरत. रात्री उशाशी पाणी लागतं का? लागतं, दोनदा उठून प्यावं लागतं. वर्गात सलग बोलताना जीभ टाळूला चिकटते, म्हणून फळ्याकडे वळून घोट घ्यायची सवयच झालेली. आणि दीड वर्षात तीन दात किडले, तिन्ही हिरडीलगत. हा शेवटचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. नेहमीची कीड दाढांच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत लागते. लाळ कमी झाली की ती हिरडीच्या काठावर, जिथे एरवी लाळ सतत धुऊन काढत असते तिथे, लागू लागते. दंतवैद्याच्या नोंदवहीत हे निदान अनेकदा आमच्या आधी लिहिलेलं असतं. फक्त ते कुणी वाचत नाही.

बोटांची पेरं सकाळी अर्धा तास आखडलेली असत, थकवा होता. कानापुढच्या लाळग्रंथींना सूज नव्हती, अंगावर पुरळ नव्हतं, थंडीत बोटं पांढरी पडत नव्हती.

पहिलं काम होतं ती झोपेची गोळी हळूहळू बंद करण्याचं. अमिट्रिप्टिलिन मस्करिनिक ग्राहींना, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनांना, अडवतं, आणि लाळ नि अश्रू सुटण्याचा निरोप नसांकडून ग्रंथीला याच ग्राहींतून, मुख्यतः एम३ या प्रकारातून, पोचतो. गोळी चालू ठेवून कोरडेपणा मोजला असता तर आजार मोजला की औषध, हे कळलं नसतं. गोळी पूर्ण बंद झाल्यावर चार आठवडे थांबलो. कोरडेपणा थोडा उतरला, गेला नाही.

मग चाचण्या. शर्मर चाचणीत गाळणकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहतात. १९०३ मध्ये ओटो शर्मर यांनी सुचवलेली ही युक्ती आजही तशीच वापरात आहे. बाईंच्या उजव्या डोळ्यात ३ मिलिमीटर, डाव्यात ४. पाच किंवा कमी म्हणजे कोरडा. रंग घालून बुबुळावर आणि पांढऱ्या भागावर किती ठिकाणी पृष्ठभाग खरवडला गेला आहे ते पाहिलं: उजव्या डोळ्याचा गुणांक १२ पैकी ७. लाळ मोजण्यासाठी १५ मिनिटं मान खाली घालून भांड्यात लाळ गळू दिली. जमली १.२ मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ०.०८. सीमा ०.१ ची.

रक्तात एएनए, म्हणजे पेशींच्या केंद्रकांविरुद्धची प्रतिपिंडं, ठिपक्यांच्या नमुन्याची, १:३२०. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हे आणखी एक स्वतःविरुद्धचं प्रतिपिंड, तेही पॉझिटिव्ह. आयजीजी या वर्गाची प्रतिपिंडं किंचित वाढलेली. सी४ हे रक्तातलं रोगप्रतिकारक प्रथिन नॉर्मल. कोरडेपणाची इतर कारणंही तपासली: हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही निगेटिव्ह. छातीच्या एक्स-रेत सार्कॉइडोसिसची खूण नाही, डोक्या-मानेला कधी रेडिएशन दिलेलं नाही. आणि ज्याची सगळे वाट पाहत होते ते अँटी-रो, म्हणजे या आजाराची खूण मानलं जाणारं प्रतिपिंड, निगेटिव्ह.

इथे प्रकरण अडलं. २०१६ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय संधिवात संघटनांनी मिळून ठरवलेल्या निकषांत अँटी-रोला ३ गुण आहेत, ओठाच्या बायोप्सीला ३; शर्मर, डोळ्याचा रंग आणि लाळ यांना प्रत्येकी १. एकूण ४ लागतात. बाईंचे झाले तीन. अँटी-रो असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. साधारण तिसरा हिस्सा रुग्णांत ते सापडत नाही, आणि अशांना बऱ्याचदा ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हणून घरी पाठवलं जातं. तीन गुणांवर थांबून दुसऱ्या एखाद्या आजाराचं लेबल लावणं सोपं होतं. आम्ही बायोप्सी सांगितली.

खालच्या ओठाच्या आतल्या बाजूने, श्लेष्मल त्वचेखाली मोहरीच्या दाण्यांएवढ्या लाळग्रंथी असतात. स्थानिक भूल देऊन त्यातल्या चार-सहा काढतात. नंतर काही दिवस ओठ बधिर वाटतो, हे आधी सांगितलेलं बरं. बाईंना ते दोन आठवडे वाटलं.

सूक्ष्मदर्शकाखाली ५० किंवा अधिक लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी, एकत्र जमलेले दिसले की तो एक ‘फोकस’. चार चौरस मिलिमीटरमागे एक फोकस असला की पुरे. चिझम आणि मेसन यांनी १९६८ मध्ये लिम्फोसाइटांच्या जमावांची प्रतवारी मांडली, पुढे १९७४ मध्ये ग्रीनस्पॅन, डॅनियल्स आणि सहकाऱ्यांनी तिला मोजमापाचं रूप दिलं. बाईंच्या तुकड्यांचं एकूण क्षेत्रफळ १२ चौरस मिलिमीटर भरलं, त्यात ५ फोकस. म्हणजे फोकस स्कोअर १.६७. तीन गुण मिळाले, बेरीज सहा झाली, शोग्रेन सिंड्रोमचं निदान पक्कं झालं. जंतुकेंद्रांसारखी, म्हणजे लिम्फोसाइट जोमाने वाढतात त्या केंद्रांसारखी, रचना दिसली नाही. पुढे लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइटांचा कर्करोग, होण्याच्या धोक्याच्या हिशेबात हे दिलाशाचं.

निदानापुरतं प्रकरण इथे संपतं. पण काचपट्टी पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकत राहिली, आणि हा लेख तिच्यासाठीच आहे.

फोकस स्कोअर लिम्फोसाइट मोजतो. उरलेली ग्रंथी मोजत नाही. बाईंच्या काचपट्टीवर पाच जमाव होते खरे, पण त्यांच्या भोवती स्राव बनवणाऱ्या पेशींचे गुच्छ, ज्यांना अ‍ॅसिनस म्हणतात, मोठ्या संख्येने जागच्या जागी उभे होते. पेशी नीट, केंद्रकं नीट, नळ्या मोकळ्या. तंतुमय डाग जेमतेम. एवढी ग्रंथी शिल्लक असताना लाळ मिनिटाला ०.०८ का?

या आजाराची रुजलेली गोष्ट अशी: शरीराचेच लिम्फोसाइट ग्रंथीत घुसतात, पेशी मारतात, ग्रंथी ओस पडते, स्राव आटतो. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञांनी १९३३ च्या आपल्या प्रबंधात कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रिया नोंदवल्या, त्यातल्या १३ जणींना सांधेदुखी होती. तेव्हापासून आजारासोबत ही आटलेल्या विहिरीची प्रतिमा आली. ती खोटी नाही. जुन्या रुग्णांच्या ग्रंथी खरंच ओस पडलेल्या दिसतात. पण बाईंसारख्या रुग्णांत ग्रंथीचा नाश आणि कोरडेपणाचं प्रमाण यांचा मेळ बसत नाही. पेशी जिवंत आहे आणि काम होत नाही, याचा अर्थ बिघाड पेशीच्या आत कुठेतरी आहे.

तो कुठे असू शकतो हे समजायला निरोगी अ‍ॅसिनसमधली पेशी पाहायला हवी. तिला दोन टोकं असतात. एक बूड, जिथे रक्तवाहिन्या, नसा आणि रोगप्रतिकारक पेशी असतात. दुसरं टोक नळीकडचं, जिथून स्राव बाहेर पडतो. दोन टोकांच्या मध्ये शेजारच्या पेशींशी घट्ट शिवण असते, त्यामुळे इकडचा माल तिकडे सांडत नाही. पेशीचं सगळं कसब या एकदिशेपणात आहे. प्रथिनं आंतर्द्रव्यजालिकेवर तयार होतात, गॉल्गी संकुलात त्यांच्यावर शेवटचा हात फिरतो, मग ती पुटिकांत भरून नळीकडच्या टोकाशी थांबतात आणि नसेचा निरोप आला की बाहेर टाकली जातात. हा मार्ग जॉर्ज पलाडी यांनी गिनिपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींत उलगडला, म्हणजे अशाच स्राव गाळणाऱ्या पेशींत. १९७४ चं नोबेल त्यांना अल्बर्ट क्लॉड आणि ख्रिस्तियान द द्यूव यांच्यासोबत मिळालं. द द्यूव यांनीच १९५५ मध्ये लायसोसोमला नाव दिलं होतं.

लायसोसोम म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या लयकारिका, ‘आत्मघाती पिशव्या’. हे टोपणनाव मुलांच्या लक्षात पटकन राहतं, पण त्यामुळे एक गैरसमजही रुजतो. लयकारिका एरवी आत्मघात वगैरे करत नाहीत; त्या पेशीचा जुना माल मोडून पुन्हा वापरात आणतात. आतली आम्लता साधारण ४.५ ते ५ पीएच, आणि तिथली बहुतेक विकरं म्हणजे एन्झाइम त्याच आम्लतेत काम करतात. तिथे पोचायच्या विकरांवर गॉल्गीमध्ये मॅनोज-६-फॉस्फेट ही साखरेची खूण लावली जाते. खूण ओळखणारे ग्राही त्यांना स्रावाच्या वाटेवरून बाजूला काढतात. खूण लावणारं यंत्रच जन्मतः नसेल तर काय होतं हे आय-सेल या दुर्मिळ आजारात दिसतं: लयकारिकांची विकरं लयकारिकांत जातच नाहीत, थेट रक्तात सापडतात. एका साखरेच्या खुणेवर एवढं अवलंबून आहे. आय-सेलचा आपल्या बाईंशी थेट संबंध नाही. पण दोन वाटा एकाच गॉल्गीतून फुटतात आणि फाट्यावर चूक होऊ शकते, हे त्यातून पटतं.

आता शोग्रेनमध्ये फाट्यावर काय चुकतं ते पाहू. तीन गोष्टी वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवल्या आहेत.

पहिली पाण्याची. निरोप आला की पेशीत कॅल्शियम वाढतं, नळीकडच्या टोकाची क्लोराइडची दारं उघडतात, क्लोराइडमागे सोडियम जातं आणि त्यामागे पाणी. पाणी अ‍ॅक्वापोरिन-५ या प्रथिनाच्या वाटेने जातं, आणि हे प्रथिन नळीकडच्या पटलावरच असायला हवं. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की शोग्रेनच्या रुग्णांच्या अश्रुग्रंथीत अ‍ॅक्वापोरिन-५ तयार होतं, पण पटलावर न पोचता पेशीच्या आतच पसरलेलं राहतं. नळ बनवलेला आहे, बसवलेला नाही.

दुसरी श्लेष्माची. पुटिका पटलाला जुळायची तर दोन्हीकडच्या खास प्रथिनांची मिठी बसावी लागते. चिलीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की शोग्रेनच्या लाळग्रंथींत ही मिठी घालणारी प्रथिनं, उदाहरणार्थ व्हॅम्प८, नळीकडचं टोक सोडून बुडाकडे सरकलेली असतात, आणि तोंड ओलं ठेवणारं म्युसिन चुकीच्या बाजूला, ग्रंथीच्या पोटात सांडतं. हे मला पहिल्या गोष्टीहून गंभीर वाटतं. नळीत जे पोचलं नाही ते नुसतं वाया जातं असं नाही. ते जिथे सांडतं तिथे रोगप्रतिकारक पेशी उभ्या असतात, आणि म्युसिन त्यांना अनोळखी वाटतं.

तिसरी गोष्ट कॅथेप्सिन एसची, आणि इथे थोडं थांबायला हवं.

कॅथेप्सिन एस हे लयकारिकेतलं प्रथिनं कातरणारं विकर. त्याचं नेहमीचं घर म्हणजे प्रतिजन, म्हणजे ओळख पटवायचे प्रथिनांचे तुकडे, लिम्फोसाइटांसमोर मांडणाऱ्या पेशी. तिथे ते एमएचसी वर्ग २ च्या, म्हणजे हे तुकडे धरून दाखवणाऱ्या, रेणूला चिकटलेली इन्व्हेरियंट साखळी शेवटच्या टप्प्यात कापतं, त्याशिवाय रेणूच्या खोबणीत प्रतिजन बसत नाही. त्याच्या भावंडांपेक्षा त्याचं एक निराळं. कॅथेप्सिन एल वगैरे विकरं उदासीन पीएचला लवकर निकामी होतात. एस मात्र तिथेही कातरत राहतं. म्हणजे बाकीची विकरं चुकून बाहेर पडली तर त्यांचं दात काढलेल्या सापासारखं होतं. एसचे दात शाबूत राहतात.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात सेरा हॅम-अल्वारेझ यांच्या गटाने ‘नॉड’ जातीच्या उंदरांच्या अश्रुग्रंथीवर बरीच वर्षं काम केलं. या उंदरांत नरांना अश्रुग्रंथीचा दाह होतो, आणि त्यांच्या अश्रूंत कॅथेप्सिन एस वाढलेलं सापडलं. मग २०१४ मध्ये त्यांनी १५६ स्त्रियांचे अश्रू तपासले. शोग्रेनच्या रुग्णांत कॅथेप्सिन एसची क्रियाशीलता निरोगी स्त्रियांच्या ४१.१ पट, इतर ऑटोइम्यून (शरीर स्वतःवरच उलटतं असे) आजार असलेल्यांच्या ४.१ पट, आणि ऑटोइम्यून नसलेल्या कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांच्या २.१ पट निघाली. अश्रू गोळा केले होते शर्मर चाचणीच्याच पट्ट्यांवर.

हे वाचल्यावर मला आमच्या ओपीडीतला कचऱ्याचा डबा आठवला. आम्ही पट्टी पापणीतून काढतो, ओलावा कुठवर चढला ते पाहतो, ‘३’ लिहितो आणि पट्टी टाकून देतो. किती आलं ते नोंदवलं जातं, काय आलं ते डब्यात.

विकर बाहेर कसं पडतं यावर त्याच गटाचं २०१६ मधलं काम महत्त्वाचं आहे. पुटिका कुठे जायची ते ठरवणारी रॅब नावाची लहान प्रथिनं असतात. अश्रुग्रंथीच्या स्रावपुटिकांवर रॅब३डी आणि रॅब२७ दोन्ही बसतात, पण वेगवेगळ्या पुटिकांवर वेगवेगळ्या प्रमाणात. आजारी उंदरांत रॅब३डी कमी होतं आणि त्याची जागाही बदलते. जन्मतःच रॅब३डी नसलेल्या, पण आजार नसलेल्या उंदरांच्या अश्रूंतही कॅथेप्सिन एस वाढलेलं निघालं. उलट रॅब२७ नसलेल्या उंदरांत ते घटलं. अर्थ असा निघतो की रॅब३डी हा पहारा आहे, रॅब२७ ही वाट. पहारा सैल झाला की लयकारिकेकडे जायचा माल रॅब२७ च्या वाटेने अश्रूंत उतरतो.

बाहेर आल्यावर त्याला आवरायला अश्रूंत सिस्टॅटिन सी नावाचं रोधक असतं. शोग्रेनच्या अश्रूंत विकराला रोखण्याची ही ताकदही उणावलेली आढळते. मग अश्रूंतली लॅक्टोफेरिनसारखी रक्षक प्रथिनं कातरली जातात. प्रयोगशाळेत बुबुळाच्या वरच्या थराच्या पेशींवर रुग्णांच्या अश्रूंइतकं कॅथेप्सिन एस घातलं तेव्हा त्या पेशी दाहाचे रेणू सोडू लागल्या. बाईंच्या डोळ्यातल्या ७ गुणांच्या ओरखड्यांना नुसतं पाणी कमी पडणं हे एकच कारण नसावं, असं मला यावरून वाटतं. जे थोडं पाणी येतं तेही साधं नसतं.

आणि हे सगळं सुरू कुठून होतं? इंटरफेरॉन-गॅमा या दाहाचा निरोप देणाऱ्या रेणूने कॅथेप्सिन एसची निर्मिती वाढते, आणि हा रेणू सोडतात ग्रंथीत आलेले लिम्फोसाइट. म्हणजे आधी दाह, मग वाहतुकीतला बिघाड. पण उलटंही सांगता येतं: आधी वाहतूक बिघडते, प्रथिनं चुकीच्या डब्यांत शिरतात, चुकीच्या जागी कातरली जातात, त्यांचे अनोळखी तुकडे बुडाच्या बाजूने लिम्फोसाइटांसमोर येतात, आणि मग दाह. या आजारात लाळग्रंथीच्या पेशी स्वतःच एमएचसी वर्ग २ चे रेणू अंगावर मिरवू लागतात, त्यामुळे ही दुसरी गोष्टही हवेतली नाही. बीज आधी की झाड आधी, या चालीवरचा हा वाद आहे. माझा कल असा की एकदा फेरा सुरू झाला की दोन्ही बाजू एकमेकींना ढकलतात आणि रुग्ण आमच्यासमोर येईतो पहिला धक्का कुणी दिला हे उरतच नाही.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मग बाईंचे अश्रू तपासायला हवे होते. तपासले नाहीत. ही चाचणी रोजच्या कामात नाही, निकषांत नाही. शिवाय मी त्या तीन आकड्यांकडे पुन्हा पाहतो. बातमीत शोभतो तो ४१.१. पण निरोगी बाई आणि शोग्रेनची बाई यांत फरक करायला आम्हाला नवी चाचणी लागत नाही. खरी अडचण असते दोन कोरड्या डोळ्यांच्या बायका शेजारी बसलेल्या असतात तेव्हा: एकीचं कारण वय आणि पडदा, दुसरीचं शोग्रेन. तिथला आकडा २.१ आहे. दोन गटांच्या मध्यमांत दुप्पट फरक असला तरी एकेका व्यक्तीचे आकडे एकमेकांत मिसळू शकतात. चांगली खूण आहे, पण तिच्या जोरावर ओठाची बायोप्सी टाळण्याचं धाडस मी केलं नसतं.

उंदरांबद्दलही एक सावधगिरी. नॉडमध्ये अश्रुग्रंथीचा दाह नरांत अधिक. आमच्याकडे येतात त्या दहांतल्या नऊ स्त्रिया. पेशीतली यंत्रणा सारखी असू शकते, पण तिला हात घालणारे हॉर्मोन सारखे नाहीत.

सगळ्यात मोठी ठेच औषधाच्या बाबतीत बसली. विकर वाढलेलं आहे, ते प्रतिजन मांडायलाही लागतं, तर ते रोखावं. तर्क इतका सरळ होता की दुसऱ्या टप्प्याची चाचणी झालीच. पेटेसिकॅटिब हे तोंडाने घ्यायचं कॅथेप्सिन एस रोधक शोग्रेनच्या ७५ रुग्णांत प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, १२ आठवडे तोलून पाहिलं. आजाराच्या गुणांकात औषधाच्या बाजूने फरक दिसला नाही. याचा अर्थ कॅथेप्सिन एस निर्दोष, असा मी घेत नाही. १२ आठवडे कमी असतील, किंवा ते विकर आगीचं कारण नसून धूर असेल. धूर रोखून आग विझत नाही, पण डोळा चुरचुरतो तो धुरानेच. डोळ्यापुरतं, थेंबांतून, रोधक द्यायचा विचार मला म्हणूनच अजून मेलेला वाटत नाही. उंदरांत तो करूनही पाहिला गेला आहे.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोष्ट तर आणखी गंमतीची. हे औषध लयकारिकांत साठतं आणि तिथली आम्लता घटवतं, म्हणजे या प्रकरणातल्या नेमक्या ठिकाणी जाऊन बसतं. तरी फ्रान्समधल्या १२० रुग्णांच्या चाचणीत, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २४ आठवड्यांनी कोरडेपणा, दुखणं किंवा थकवा यांत प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. बाईंना ते कोरडेपणासाठी दिलं नाही. सांध्यांचं दुखणं पुढे वाढलं तर विचार करू, तेव्हा वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत आणि दृष्टिपटल तपासूनच, असं ठरलं.

मग केलं काय? काचपट्टीवर ग्रंथी उभी दिसली होती, म्हणून उभ्या पेशींना जोरात हाक मारून पाहायची. पायलोकार्पिन हे एम३ ग्राहींना चेतवणारं औषध, ५ मिलिग्रॅम, आधी दिवसातून दोनदा, मग चारदा. दमा नाही आणि डोळ्याचा कोन अरुंद नाही याची खात्री आधी केली. घाम येईल हे सांगितलं होतं. आला, आणि चौथ्या गोळीवर बाई वैतागल्या, म्हणून तीनवर थांबलो. ग्रंथी तंतूंनी भरलेली दिसली असती तर या औषधाचा आग्रह धरला नसता. हाकेला ओ द्यायला कुणी घरात असावं लागतं.

डोळ्यांसाठी आधीच्या तिन्ही बाटल्या बंद केल्या, त्यांतल्या दोहोंत परिरक्षक होतं आणि बाई ते दिवसातून आठ-दहा वेळा घालत होत्या. त्याऐवजी परिरक्षकाविना थेंब, आणि दाहासाठी सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के. अश्रूंच्या निचऱ्याच्या छिद्रांत बूच बसवायचं का, यावर चर्चा झाली. कोरड्या डोळ्यात हा उपाय सहज सुचतो: येणारं थोडं पाणी निदान टिकेल. पण हे पाणी विकरांनी आणि दाहाच्या रेणूंनी भरलेलं असेल तर ते डोळ्यावर जास्त वेळ कोंडून ठेवणं कितपत बरं? बहुतेक नेत्रतज्ज्ञ आधी दाह आटोक्यात आणा, मग बूच, असाच क्रम सांगतात. आम्हीही दोन महिने थांबलो आणि खालच्या दोन छिद्रांत बुचं बसवली. दातांसाठी जास्त फ्लुओराइडची पेस्ट आणि दर चार महिन्यांनी दंतवैद्य.

‘म्हणजे माझ्या ग्रंथी मेल्या नाहीत?’ बायोप्सीचा अर्थ सांगताना बाईंनी विचारलं. नाही, बऱ्याच शिल्लक आहेत, म्हटलं. ‘मग त्या करतात तरी काय?’ शाळेतल्या बाईच त्या, प्रश्न नेमका विचारणार. माल बनवतात, पण पुढच्या दाराने द्यायचा तो मागच्या दाराने देतात, आणि मोडीत काढायची हत्यारं मालासोबत पाठवतात, असं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, ‘आमच्या ऑफिससारखं.’

सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं. लाळ मिनिटाला ०.०८ वरून ०.१२. शर्मर उजवीकडे ३ चा ४, म्हणजे जवळजवळ तिथेच. पण डोळ्याचा रंगाचा गुणांक ७ वरून ३ वर आला आणि संध्याकाळी वाचता येऊ लागलं. पाणी फारसं न वाढता पृष्ठभाग सुधारला. बुचांमुळे, सायक्लोस्पोरिनमुळे, की परिरक्षक थांबल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. तिन्ही एकाच सहामाहीत केल्याची ही किंमत. रात्रीचं उठणं एकदावर आलं. नवा दात किडला नाही. थकव्यात फरक नाही, आणि तो या उपचारांनी पडेल असं आम्ही म्हटलंही नव्हतं.

वर्षभराने डाव्या कानापुढे सूज आली. या आजारात लिम्फोमाचा धोका आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्के धरतात, आणि तो लाळग्रंथीतच उगवण्याकडे झुकलेला असतो, त्यामुळे अशी सूज हसण्यावारी नेत नाहीत. सोनोग्राफीत गाठ नव्हती, नळी फुगलेली होती. सी४ अजून नॉर्मल, थंडीत साकळणारी क्रायोग्लोब्युलिन ही प्रथिनं रक्तात नाहीत. मालिश, पाणी आणि आंबट गोळ्या चघळून तीन आठवड्यांत सूज उतरली. दर सहा महिन्यांनी कानापुढे हात फिरवून पाहणं, वर्षातून एकदा सी४ आणि प्रथिनांची तपासणी, असं पुढचं वेळापत्रक कागदावर लिहून दिलं आहे. पुढच्या भेटीत शर्मरही पुन्हा होईल. पट्टी कितीवर भिजली तेवढंच तेव्हाही लिहिलं जाईल.